नाकाडी आणि आमचे सासरे

आमच्या सासऱ्यांइतक्या रुबाबात बस चालवणारा माणूस नाशकात दुसरा झाला नाही, आणि आता तशा बसच उरल्या नाहीत म्हटल्यावर होणारही नाही. उभी नोकरी त्यांनी एकाच बसवर काढली. इंजिनाचं लांबलचक नाक पुढं काढलेली ती जुनी बस. दिंडोरीच्या रस्त्यावर तिला सगळे ‘नाकाडी’ म्हणत. मी मुलगी बघायला इंदिरानगरला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. “चढाला गिअर आधी बदलता, की गाडी रडायला लागल्यावर?” एवढंच विचारलं. माझ्याकडे तेव्हा सायकल होती, तीही बिनगिअरची. “आधी,” मी ठोकून दिलं आणि लग्न ठरलं.

घरी सोफ्यावर बसले तरी त्यांचा डावा पाय क्लच दाबत असे. पुढे मी स्कूटर घेतली, तर वळणावर माझ्याआधी मागून त्यांचा हात बाहेर. एकदा द्वारका चौकात एका गृहस्थांनी रिक्षाला हात केला, तर सासऱ्यांनी मलाच थांबवलं. “अहो, ते रिक्षा बोलावताहेत,” मी म्हणालो. “असू दे. हात केलेल्या माणसाला टाकून जायचं नसतं, जावईबापू.” त्या गृहस्थांची माफी मी मागितली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डेपोत नवे साहेब आले आणि नाकाडी भंगारात काढायचं ठरलं. तिच्या वयाच्या बाकी सगळ्या आधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना जेवण जाईना. “एक तरी ठेवा साहेब, पोरांना दाखवायला,” असं ते रोज जाऊन सांगत. शेवटी साहेब कंटाळले. म्हणाले, “दिंडोरीला जाऊन स्वतःच्या ताकदीवर परत आली तर ठेवू. मध्ये बंद पडली तर तिथूनच भंगारात. आणि वाटेत कुठंही थांबायचं नाही.”

सासऱ्यांनी नाकाला हळदकुंकू वाहिलं. आत साहेब, त्यांची फाईल आणि मी. दिंडोरी गाठली, परत फिरलो, सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात द्राक्षबागेच्या कडेला चार-पाच बायांनी हात केला. “थांबायचं नाही!” साहेब ओरडले, पण ब्रेक लागला होता. बाया क्रेट घेऊन चढल्या. “आगं बया, नाकाडी अजून हाय व्हय!” असं एक म्हातारी म्हणाली आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं.

साहेबांनी फाईल मिटली. सासरे खाली उतरले, नाकाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून तीनदा फिरवलं, पण काही होईना. मग टोपी काढून साहेबांपुढं उभे राहिले. “चूक माझी आहे, गाडीची नाही. तिला नका काढू, मला काढा.” इतका पडलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

म्हातारीनं क्रेट माझ्या मांडीवर ठेवलं. “उतरा गं समद्या! आपल्यापायी थांबली ना ती? मारा धक्का!” बाया उतरल्या, क्रेट ठेवून मी उतरलो, आणि थोड्या वेळानं बघतो तर फाईल काखोटीला मारून साहेबही ढकलताहेत. नाकाडी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. “प्रवाशांची ताकद ही बसचीच ताकद,” साहेबांनी निकाल दिला. त्यांची जागा म्हातारीनं घेतली होती, त्यामुळे द्वारकेपर्यंत ते उभेच आले. सासऱ्यांची छाती एवढी फुगली होती, की स्टिअरिंगला लागते की काय असं मला वाटलं!

तेव्हापासून नाकाडी डेपोच्या दाराशी, रंग लावून, दिमाखात. दरवर्षी दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून तिची शहरातून फेरी निघे आणि चालवायला अर्थातच सासरे. निवृत्तीनंतरही तो मान त्यांचाच राहिला. मग त्यांची दृष्टी अधू झाली. एका दसऱ्याला त्यांनीच शिकवलेला ड्रायव्हर गाडी काढणार होता, म्हणून मी त्यांना द्वारकेला घेऊन गेलो. नाकाडी दिसायच्या आधीच त्यांनी तिचा आवाज ओळखला. फेरीत ती कुठं थांबत नसे. सासरे कडेला उभे होते. त्यांनी हळूच हात केला.

नाकाडी थांबली. माझा खांदा सोडून ते दांडी धरून चढले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात प्रवासी म्हणून बसले. डावा पाय मात्र क्लच दाबतच होता.