शिट्टीनंतरची पकड

भुजंगच्या हातात घोटा आला की चढाई करणारा गडी जागच्या जागी बसायचा. डाव्या कोपऱ्यात वाकून उभा राहणारा हा केदारखेड्याचा माणूस आठ वर्षं कबड्डीच्या मोठ्या लीगमध्ये खेळला, टीव्हीवर दिसला. वजनाचा काटा पंच्याऐंशी किलोच्या वर जाऊ नये म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नुसत्या ताकावर राहायचा. सगळ्यात जास्त पकडी काही त्याच्या नावावर नव्हत्या. पण समालोचक एक गोष्ट हमखास सांगायचे, की हा कुणाच्या गुडघ्याला कधी हात लावत नाही. स्वच्छ खेळाचा पुरस्कार त्याला दोनदा मिळाला. दोन्ही वेळा तो खाली मान घालून व्यासपीठावर चढला, आणि लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस.

गुडघ्याला हात न लावण्यामागं काय होतं, ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

साजिद त्याच्याच गल्लीतला. बाप शिंपी, आई अकबरबी. दोघं एका वर्गात होते आणि शाळेमागच्या काळ्या मातीच्या मैदानावर कचरू सरांच्या हाताखाली एकत्रच तयार झाले. भुजंग पकडणारा, साजिद निसटणारा. साजिद चढाईला निघाला की रस्त्यानं जाणारी माणसंही सायकलवरून उतरून बघत राहायची.

दोघं एकोणीस वर्षांचे असताना मुंबईच्या एका कंपनीनं आपल्या संघासाठी जालन्यात निवड चाचणी ठेवली. जो निवडला जाईल त्याला नोकरी पक्की. चाचणीला आठ दिवस असताना सरावात साजिदचा उजवा गुडघा मुरगळला. बापाला कळलं असतं तर त्यानं पाठवलंच नसतं. म्हणून साजिद लंगडत भुजंगच्या घरी आला. भुजंगच्या आईनं, सगुणाबाईनं, आंबेहळदीचा लेप लावून गुडघा घट्ट बांधून दिला.

"कोणाला बोलू नको बरं का, भुजंग," साजिद म्हणाला.

"येडा का? मी कशाला बोलतो?"

आणि खरंच तो कुणाला बोलला नाही. आपल्याजवळच ठेवलं.

चाचणीच्या दिवशी दोघांना समोरासमोरच्या संघांत टाकलं. पहिल्या दोन चढायांत साजिद भुजंगला हुलकावणी देऊन, दुसऱ्याच गड्याला हात लावून, हसत हसत परत गेला. निवड करणारे दोघं खुर्चीवर बसून हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. भुजंगला वाटलं, आपलं नाव गेलं. तिसऱ्या चढाईत साजिदनं पाय पुढं टाकला तेव्हा घोटा हाताशीच होता. भुजंगनं घोटा सोडला आणि उजवा गुडघा कवेत घेतला. बाकीचे गडी तुटून पडले, शिट्टी वाजली. साजिदनं अंग सैल सोडलं. भुजंगनं मात्र सोडलं नाही. एक श्वासभर धरून ठेवलं आणि तेवढ्यात गुडघा बाहेरच्या अंगाला पिळला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला.

मग त्यानंच साजिदला पाठीवर घेतलं आणि धावत दवाखान्यात नेलं. त्याच्या मानेवर साजिदचे दात आवळलेले होते, ओरडू नये म्हणून. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा साजिद म्हणाला, "माझाच पाय वाकडा पडला." ते त्याला खरंच वाटत होतं. संध्याकाळी यादी लागली. तीत भुजंगचं नाव होतं.

पुढं मुंबईची नोकरी, मग लीग, दोनदा खांदा निखळला, लग्न झालं, मीना घरात आली. साजिद लंगडाच राहिला. त्याचा बाप गेल्यावर ते कुटुंब अंबडला मामाकडं गेलं. बसस्टँडजवळ साजिदनं मोटारसायकलच्या सीटांची कव्हरं शिवायचं दुकान टाकलं. भुजंग गावी आला की कुठं ना कुठं भेट व्हायची. साजिद लांबूनच हात करायचा, आणि दरवेळी भुजंगला घाई असायची.

पस्तिसाव्या वर्षी खांद्यानं दगा दिला तेव्हा तो खेळ सोडून केदारखेड्याला परतला. पुढच्याच वर्षी अंबडच्या एका मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. शाल घालायला कोण, तर बालपणीचा मित्र म्हणून साजिद. एक पाय ओढत तो पायऱ्या चढला, शाल घातली आणि माईक हातात घेतला.

"लोक विचारतात, भुजंग एवढा साफ कसा खेळतो," तो म्हणाला. "मी सांगतो. माझा गुडघा गेला ते यानं डोळ्यानं पाह्यलं. मला पाठीवर घेऊन हा पळाला. त्या दिवसापासून यानं कोणाच्या गुडघ्याला हात लावला न्हाई. असा दोस्त नशिबानं भेटतो."

टाळ्या थांबेनात. भुजंगच्या हातात माईक आला. आता बोलावं, असं त्याला वाटलं. पण "सगळ्यांचे आभार," एवढं म्हणून तो खाली बसला.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. मीनानं विचारलं, त्यानं खांदा दुखतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जालन्याला बस बदलून अंबडला गेला.

साजिद मशीनवर होता. "अरे, आज पुन्हा? बस बस. चाय सांगतो."

"चहा नको," भुजंग उभाच राहिला. "साजिद, तुझा पाय वाकडा पडला नव्हता. मी पिळला."

साजिदचा पाय पॅडलवर थांबला.

"खेळात होतं रे."

"खेळात न्हाई. तुझा गुडघा दुखून राह्यला, हे मला माहीत होतं. म्हणूनच धरला."

साजिदनं मशीनचं चाक हातानं अडवलं. मग त्यानं एकच विचारलं, "शिट्टी ऐकू आल्ती तुला?"

"आल्ती."

"मंग काल का न्हाई बोलला? एवढे लोक होते."

"लाज वाटली."

"लाज." साजिदनं अर्धवट शिवलेलं कव्हर मशीनवरून ओढून काढलं. "माझे अब्बा मरेपर्यंत मला बोलले, भुजंग. तुला धड उभं राहता आलं न्हाई, पोराची जात असून पाय सांभाळता आला न्हाई. मी ऐकून घेतलं. मलाही तसंच वाटायचं. सतरा वर्षं." त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "चल. अम्मीसमोर बोल."

दुकानामागच्या गल्लीतच घर होतं. अकबरबीनं भुजंगला पाहताच तोंडभर हसून चहा टाकला, मीनाची चौकशी केली. भुजंग जमिनीवर बसला आणि तिच्या पायांकडं बघत सगळं सांगितलं. शिट्टीचंही सांगितलं. अकबरबीच्या बशीतला चहा चादरीवर सांडला. तिनं तो पुसला नाही.

"तेरी माँ को मालूम है?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"उसने पट्टी बांधी थी मेरे बच्चे को." एवढं म्हणून ती आत गेली आणि बाहेर आली नाही. साजिदनं दाराकडं नुसतं बोट केलं.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसानं त्याला ओळखलं, फोन पुढं करून फोटो मागितला. भुजंगनं तोंड खिडकीकडं फिरवलं. तो माणूस पुटपुटला, "मोठे झाले की असंच."

सगुणाबाई अंगणात शेंगा सोलत होती. तिलाही त्यानं सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "कोणता गुडघा दुखतो, हे माझ्या घरात कळलं तुला." आणि सूप उचलून आत गेली. मीनानं सगळं दारातून ऐकलं होतं. त्या दिवशी भुजंगला कुणी जेवायला हाक मारली नाही. त्यानं आपल्या हातानं वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई नवं लुगडं नेसून एकटीच अंबडला गेली. भुजंग सोबत निघाला तर तिनं हातानंच मागं सारलं. संध्याकाळच्या बसनं ती आली. अकबरबीशी काय बोलणं झालं, ते तिनं सांगितलं नाही. रडून डोळे सुजले होते, एवढंच दिसलं.

"त्या पोराला भेटायला जाऊ नको," ती म्हणाली. "तो येईल तेव्हा येईल."

साजिद आला नाही. भुजंगनं मग एक केलं. कचरू सरांच्या जुन्या मैदानावर तालुक्याचे सामने होते. तिथं पाहुणा म्हणून बोलावलं तेव्हा त्यानं माईक घेऊन, साजिदचं नाव घेऊन, सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं होतं लोक थुंकतील. पण मंडपात थोडी कुजबुज झाली, आणि आयोजक खांद्यावर हात टाकून म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेता? पकडीत चालतं हे." दोघं-तिघं हसले. मग पुढच्या सामन्याची नावं पुकारली गेली.

त्या हसण्यानं त्याला जेवढं शरमिंदं केलं, तेवढं शिव्यांनीही केलं नसतं. पुढच्या रांगेत म्हातारे कचरू सर बसले होते. तेवढे एकटे उठले आणि त्याच्याकडं न बघता काठी टेकत मंडपाबाहेर निघून गेले.