माझं वचन तुम्ही निवडत होतात

माझ्या नवऱ्याने मला लग्नापासून फसवलं.

तेही देवाचं नाव घेऊन.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. आजच्या दिवशी चांगलंच लिहायचं असतं, माहीत आहे. फोटो टाकलाय. पण लिहिणार आहे ते जे आहे तेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या चर्चमध्ये एक जानेवारीच्या उपासनेनंतर वचन काढतात. ताटात पवित्र शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात. डोळे मिटून प्रार्थना करायची आणि एक उचलायची. ते तुमचं वर्षाचं वचन. देव त्या वर्षी तुम्हाला काय सांगतोय ते.

ग्वाल्हेरात आमची मराठी ख्रिस्ती घरं थोडी. बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या हिंदीत छापून येतात. मराठी चिठ्ठ्या हे घरी बसून हाताने लिहायचे. ताट घेऊन आमच्या बाकापाशीही हेच यायचे.

घराचा पै न् पैचा हिशोब मी ठेवते. मला वाटायचं, माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

एका वर्षी माझ्या भावाने ह्यांच्यासाठी नागपूरला शाळेत नोकरी बघितली. आई तिथे गुडघे धरून बसलेली. मला जायचंच होतं. ह्यांना ग्वाल्हेर सोडवत नव्हतं.

मी म्हटलं, "भांडायचं नाही. वचन निघेल तसं करू."

वचन निघालं. जिथे आहेस तिथेच राहा, अशा अर्थाचं.

मी आईला फोन केला. "आई, देव नाही म्हणतोय गं."

आई म्हणाली, "मग काय बोलणार बाई. त्याच्यापुढे आपलं काय चालतं."

पुढच्या थंडीत आई गेली. मी पोचले तोवर पेटी बंद झाली होती.

तेव्हाही मी म्हटलं, देवाची इच्छा.

मग ती शेवटची जानेवारी. बाहेर इतका कोहरा की चर्चचं फाटक दिसेना. माझं वचन निघालं संरक्षणाचं. तुझ्या घराच्या आसपास संकट फिरकणार नाही, असं काहीसं. मी आनंदाने ते फ्रिजवर चिकटवलं.

उन्हाळ्यात हे वाळायला लागले. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला.

मुलगा रोहन मागे लागला, "मम्मी, पापा को एक बार दिल्ली में डॉक्टर को दिखा देते हैं न."

मी म्हटलं, "वचन निघालंय रे. पप्पांना काही होणार नाही."

हे शेजारीच लसूण सोलत बसले होते. मान वर केली नाही. म्हणाले, "मम्मी बरोबर बोलतेय तुझी."

आता गेल्या रविवारचं ऐका.

उपासना सुटल्यावर सुधीरभाऊजी भेटले. ह्यांचे जुने दोस्त. दोघं मिळून ताटं फिरवायचे. त्यांनी बिचाऱ्यांनी मला हसवायला म्हणूनच सांगितलं.

"वहिनी, गंमत सांगू? प्रदीप तुमची चिठ्ठी ताटात कधी मिसळायचाच नाही. अंगठ्याखाली दाबून धरायचा. तुमचा हात आला की तीच पुढे सरकवायचा."

"का पण?"

"विचारलं की म्हणायचा, आमची बाई घाबरट आहे यार, तिला चांगलंच निघालं पाहिजे."

भाऊजी हसले. चार माणसं होती, म्हणून मीही हसले.

फूलबागेतल्या चर्चपासून घरापर्यंत टेम्पोत कशी आले, मला आठवत नाही.

घरी येऊन रोहनला विचारलं, "पप्पांना आपल्या आजाराचं कधी कळलं होतं?"

तो फोनमध्ये बघत राहिला. मग बोलला, "क्रिसमस के पहले. रिपोर्ट आ गई थी. डॉक्टर ने बोल दिया था, अब ज़्यादा कुछ होगा नहीं."

"आणि तू दिल्ली दिल्ली करत होतास ते?"

"और क्या करता, मम्मी? पापा ने कसम दी थी, तुमको नहीं बताना."

म्हणजे रिपोर्ट आल्यावर, त्या शेवटच्या जानेवारीआधी, हे टेबलाशी बसले. आणि आपल्या हाताने माझ्यासाठी संरक्षणाचं वचन लिहिलं.

पास्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बहन, परमेश्वर मनुष्य के हाथ से ही तो देता है."

मी म्हटलं, "तो सच भी उसी हाथ से दे देता."



या जानेवारीत ताट दुसऱ्याच कोणीतरी आणलं. माझं वचन निघालं, खळी धान्याने भरतील. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. त्या दिवशी खूप रडले. वाटलं, हे गेले आणि देवानेही माझ्याशी बोलणं सोडलं.

आता कळतंय. कोणी न निवडता माझ्या हातात आलेली ती पहिली चिठ्ठी.

रोज सकाळी प्रार्थनेला बसते. एकच विचारते. प्रभू, इतकी वर्षं तू एकदा तरी बोललास का माझ्याशी? की सगळे हेच बोलत होते?

उत्तर नाही. तरी बसते. दुसरं दार मला माहीत नाही.

अहो,

मी घाबरट आहे, खरं आहे.

पण ती चिठ्ठी लिहिताना तुम्हीही घाबरला असाल ना? एकटेच?

मला सांगितलं असतं तर मी रडले असते. जेवले नसते. तुमच्यावर ओरडले असते. आणि मग तुमच्या शेजारी येऊन बसले असते.

तुमच्याबरोबर घाबरायचा हक्क माझा होता. तो तुम्ही काढून घेतलात. आणि मी तुमच्यासमोर स्तुतीची गाणी म्हणत घरभर फिरत राहिले.

नागपूरचं तर मी अजून बोललेलीच नाही. आईचं. ते समोरासमोर विचारीन. आपण भेटणार आहोत, एवढं तरी मी अजून मानते.

तोवर प्रभूच्या जवळ विसावा घ्या.

क्षमा अजून झालेली नाही. ती करायचं बळ मागते आहे रोज.

तुमची,
सुनंदा