झोपलेलं टेबल

आमच्या गावात बिलियर्डचं टेबल सपाट असलं की ते 'झोपलं' असं म्हणतात. गाव डोंगराच्या उतारावर, कॉफीच्या मळ्यांत. इथे आपोआप काहीच झोपत नाही, झोपवावं लागतं, आणि ते काम एवेलियो मास्तरांचं.

चाळीस वर्षं हा तिरसट माणूस मोडकी टेबलं उभी करतोय. पाटीच्या दगडाच्या तीन लाद्या जोडायच्या, सांध्यांत मेण ओतून पात्यानं खरवडायचं, वर हिरवं कापड ताणून बसवायचं. शेवटी पायांखाली खेळायचे पत्ते सरकवायचे. एका पत्त्याचा फरकही मास्तरांना कळतो. हळूच बॉल सोडतात, डोळे मिटून ऐकत राहतात. बॉल त्यांना हवा तसा थांबला की म्हणतात, "झोपलं. आता हळू बोला."

ओतिल्याबाईंच्या कॉफीखान्यातलं टेबल मात्र झोपेना. दर महिन्याला दरीकडच्या पायाखाली एक पत्ता जास्त लागायचा. मास्तरांनी आधी लाकडाला दोष दिला, पाय बदलला. मग फरशीला दिला. मग एके दिवशी ते बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिले आणि बाईंना म्हणाले, "बाई, टेबल नाही, घर चाललंय खाली. इथून निघा."

"हात गेला म्हणा की सरळ," बाई म्हणाल्या. "माझ्या घराला कशाला नावं ठेवता?"

मास्तरांनी मानिसालेस शहरात राहणाऱ्या बाईंच्या मुलीला, यामिलेला, फोन केला. ती म्हणाली, "आई माझं ऐकत नाही मास्तर, पण टेबलाचं ऐकेल. मी रविवारी येते. तोवर हात लावू नका." मास्तरांनी शब्द दिला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी मी खेळत होतो. माझा सोपा बॉल चुकला, दरीकडे वाहत गेला. मला चीड आली आणि सगळ्यांदेखत मी म्हणालो, "काय मास्तर, टेबल झोपलंय की पिऊन पडलंय?" सगळे हसले. मास्तर कॉफी अर्धी टाकून निघून गेले.

रविवारी चर्च सुटल्यावर यामिले आली. माझ्यासारखे चारदोन रिकामटेकडे होतोच. बाईंनी स्वतः बॉल टेबलाच्या मधोमध ठेवला. म्हणाल्या, "हा घरंगळला तर आत्ताच्या आत्ता कपडे भरते. नाही घरंगळला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

बॉल जागचा हलला नाही. बाईंनी तो चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिला. सगळीकडे तसाच.

यामिलेनं मास्तरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. "सकाळी तुम्ही चर्चमध्ये होतात, तेव्हा मागच्या दारानं आलो," ते पुटपुटले. "चार पत्ते घातले. राहवलं नाही मला. थांबा, काढून दाखवतो."

"पत्ते काढले तर कुणाचंही टेबल कलंडेल," बाई म्हणाल्या. "उठा, गुडघे दुखतील. गुळाचं पाणी घ्या."

यामिले चारच्या बसनं परत गेली. स्टँडवर रडत होती. मी आणि मास्तर तिला सोडायला गेलो होतो.

परतताना मीच उलट मास्तरांवर तोंड टाकलं. "एक दिवस वाकडं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काल तू हसलास ना मला," ते म्हणाले.

मास्तर अजून दर महिन्याला जातात, टेबल झोपवतात. मी विचारलं, जाता कशाला? तर म्हणाले, "मी नाही गेलो तर बाई दुसऱ्या कुणाला बोलावतील. मी निदान किती पत्ते गेले ते मोजतो तरी."

आमच्याकडे पत्त्यांचा जोड चाळीसचा असतो, त्यातले आता नऊ उरलेत. बाई मागच्या, दरीकडच्या खोलीत निजतात.