सबनीसांच्या निरोपाचा चाकू

निरोपाला काय भेट हवी, असं विचारल्यावर नंदकिशोर सबनीसांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "खिशात मावणारा घडीचा चाकू."

चाकणच्या त्या कंपनीत निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायची रीत होती. स्टोअर सांभाळणारा बुद्धरत्न त्यांच्याकडे बघतच राहिला.

"चाकू कशाला, साहेब?"

"एकतीस वर्षं गेटवर खिसे रिकामे करून दाखवतोय. लहानपणापासूनची हौस आहे, पण चाकू आत आणता येत नाही, म्हणून कधी घेतलाच नाही. शनिवारपासून मला गेट नाही. पद्माला घेऊन कुठंही जाईन, झाडाखाली बसेन, काकडी चिरून खाईन."

सबनीस बाहेरून आलेला माल तपासायचे. पुरवठादाराची पेटी आधी त्यांच्या टेबलावर यायची. बरोबर असेल तर आत, नाहीतर लाल टॅग बांधून परत. भोसरीतले काही पुरवठादार त्यांचं नाव निघालं की विषय बदलायचे. थोडा चुकलेला माल सह्या घेऊन चालवून घ्यायचा एक कागद असतो, त्याला डेव्हिएशन म्हणतात. त्या कागदावर सबनीसांनी एकदाही सही केली नव्हती. पत्नी पद्माताईंनी त्यांच्यासोबत मंडईत जाणं फार वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. हा गृहस्थ भेंडी निवडायला लागला की मागे रांग लागायची आणि लोक काय बोलायचे ते पद्माताईंना ऐकावं लागायचं.

सबनीसांच्यामागे त्या टेबलावर कोण, हा खरा घोर होता. उत्कर्षा चार वर्षं त्यांच्या हाताखाली होती. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातली मुलगी. नजर बारीक, कामात चोख, पण वरच्या माणसाने आवाज चढवला की "व्हय सर" याखेरीज तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. तिच्या शिफारशीचा फॉर्म पंधरा दिवस सबनीसांच्या खणात पडून होता. सही नाही केली तर बाहेरचा माणूस येणार आणि पोरगी परत लाइनवर जाणार. सही केली आणि पहिल्याच आठवड्यात कुणी दम देऊन भंगार आत ढकललं तर? या विचाराने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

सोमवारी बुद्धरत्नने चिंचवडच्या एका दुकानातून चाकू आणला आणि गेटवर अडकला. हत्यार आत न्यायची परवानगी नाही, वॉचमन हटेना. बुद्धरत्न हुशार. त्याने चाकू कच्च्या मालात दाखवला : 'चाकू, घडीचा, नग एक.' कॉम्प्युटरने तो बिनतक्रार घेतला. एवढंच त्याच्या ध्यानात आलं नाही, की माल म्हणून आत आलेली वस्तू तपासणी झाल्याशिवाय जागची हलत नाही. तासाभराने चाकू चिठ्ठीसकट सबनीसांच्याच टेबलावर येऊन पडला.

दुसरा कुणी असता तर हसून खिशात घातला असता. सबनीसांनी चष्मा पुसला आणि व्हर्निअर काढलं.

"पातं मधोमध बसत नाही. मिटताना एका बाजूला घासतंय. रिजेक्ट."

"साहेब, तुमचीच भेट आहे ती!"

"मग तर नीट बघायलाच हवी."

मंगळवारी दुसरा आला. त्याचं लॉक अंगठ्याने जरा दाबताच सुटलं. "काकडीऐवजी बोट चिरलं जाईल," म्हणत त्यांनी टॅग बांधला. बुधवारी तिसरा आला, शिसवी मुठीचा. सबनीसांनी मुठीवरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि शिसव बोळ्यावर उतरलं. बुद्धरत्नने हात जोडले. "साहेब, घड्याळच घ्या ना!"

तेव्हा उत्कर्षा हळूच म्हणाली, "सर, चिडणार नसाल तर बोलते. या चाकूचं ड्रॉइंग कुठंय? ड्रॉइंगशिवाय माल परत पाठवायचा न्हाई, असं तुमीच शिकवलंय."

 मनातून सबनीसांना ही मुलगी फार आवडली, पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. कागद घेतला आणि चाकू कसा हवा ते लिहून काढलं. मिटल्यावर शर्टाच्या खिशात मावावा. उघडल्यावर पातं डुगडुगू नये. पिकलेला टोमॅटो न दाबता चिरावा. पद्माला स्वतःच्या हाताने उघडता यावा. दोन वर्षांपासून पद्माताईंचा अंगठा आखडलेला होता, म्हणून ते शेवटचं. खाली त्यांनी तारखेसह सही ठोकली.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. उत्कर्षाने सगळी पिंपरी पालथी घातली आणि शुक्रवारी सकाळी चौथा चाकू टेबलावर ठेवला. सबनीसांनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पातं असं बसत होतं की मन निवावं. टोमॅटोच्या कागदासारख्या पातळ चकत्या पडल्या. त्यांनी चाकू खिशात घालून पाहिला, आरशासमोर जाऊन आले आणि तिथेच विरघळले.

"आज शेरा तू दे," ते म्हणाले. "माझा जीव जडलाय याच्यावर, माझं काही खरं नाही."

दुपारी कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ झाला. पद्माताई नवी साडी नेसून आल्या होत्या. हार झाला, भाषणं झाली. मग उत्कर्षाने चाकू पद्माताईंच्या हातात दिला. "काकू, उघडा बरं."

पद्माताईंनी पात्याच्या खाचेत नख घातलं. पातं हललं नाही. दुसऱ्यांदा जोर केला, तोंड वेडंवाकडं केलं. अंगठा वळेचना.

"अगं, मला कशाला उघडायचाय!" पद्माताई म्हणाल्या. "हे आहेत की."

उत्कर्षाने खिशातून लाल टॅग काढला. 

"थांब, थांब," सबनीस घाईने म्हणाले. "तीन गोष्टी बरोबर आहेत ना? मी उघडून देत जाईन तिला. डेव्हिएशनवर घेऊन टाक."

कॅन्टीनमधले सगळे वळून बघायला लागले. सबनीस आणि डेव्हिएशन! प्लँटचे मॅनेजर पोट धरून हसत म्हणाले, "घे गं, मी सही करतो. माणसाचा शेवटचा दिवस आहे."

उत्कर्षाचे कान लाल झाले. ती एकदा मॅनेजरांकडे बघत होती, एकदा सबनीसांकडे. 

"न्हाई, सर," ती म्हणाली. "काकूंना उघडायला पायजे, असं लिहिलंय. मी न्हाई सोडणार."

आणि तिने टॅगची गाठ मारली.

सबनीसांना चाकू गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण त्याच वेळी पंधरा दिवसांचं ओझं छातीवरून उतरलं. त्यांनी बुद्धरत्नला टेबलाच्या खणातून फॉर्म आणायला पाठवलं आणि हारासकट उभ्या उभ्या, पुरी-भाजीच्या ताटाशेजारी ठेवून त्यावर सही केली.

"साहेब, पोरगी तयार आहे," ते मॅनेजरांना म्हणाले. 

"आणि चाकूचं काय?"

"ती दुसरा शोधेल. मी पद्माला घेऊन येईन आणि गेटबाहेर उभा राहीन." सबनीसांनी उत्कर्षाकडे बघितलं आणि आदराने विचारलं, "सोमवारपर्यंत होईल का, मॅडम?"