आशाताईंनाही गोळी लागते

आमच्या उपकेंद्रात सगळ्याला रजिस्टर आहे. बाळंतिणींचं वेगळं, लसीचं वेगळं, ज्यांना कुत्रं चावलं त्यांचं वेगळं. फक्त किश्शांचं तेवढं नाही, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त नोंदी त्यातच झाल्या असत्या! रोज दोन-चार घडतात, आम्ही पोट धरून हसतो आणि घरी जाईपर्यंत निम्मे विसरतो. म्हणून या खेपेचे लिहूनच काढते.

मी मंदा. तलवाड्याच्या पुढं आमचं गाव, आणि अकरा वर्षं मी तिथली आशा आहे. कुणाची तारीख जवळ आली, कुणाच्या लेकराचा डोस राहिला, कुणी टीबीची गोळी चुकवली, हे घरोघर फिरून बघणारी बाई. उपकेंद्रात आमच्या जाधव सिस्टर आणि पलीकडच्या वस्तीची आशा, शकीला आपा.

गेल्या वर्षी मला धडधड सुरू झाली. चालताना, बोलताना, भाकरी थापताना सुद्धा. तीनदा छातीची पट्टी काढली, तिन्ही वेळा काळीज ठणठणीत. शेवटी कळलं, हे एन्झायटीचं दुखणं. गोळ्या मिळाल्या. मळमळायला लागलं म्हणून पाचव्या दिवशी सोडल्या. धडधड दुपटीनं परत आली.

तेव्हा मी दोनच गोष्टी ठरवल्या. आता गोळी सोडायची नाही आणि काम सोडायचं नाही. कोण काय म्हणतंय ते म्हणू दे!

* * *

बीडला दर दहा पावलांवर ओळखीचं माणूस भेटतं. म्हणून मी मुद्दाम अंबाजोगाई गाठली. इतक्या लांब कोण येतंय आपल्याला बघायला?

सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाक होतं. पदर तोंडावर घेऊन बसले. शेजारी एक गृहस्थ पेपर उघडून बसलेले. पेपर नाकाला इतका चिकटलेला, की वाचणं शक्यच नव्हतं. पान उलटताना चेहरा दिसला. आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर!

"गुरुजी, तुमी?"

"मी... भाचीला बघायला आलतो. ॲडमिट हाय. तुमी?"

"मी बी भाचीलाच."

पाच मिनिटांनी दारातून पुकारा झाला, आणि पहिलंच नाव गुरुजींचं! ते उठले, पेपरची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"तुमचा नंबर येस्तोवर ठेवा," म्हणाले. "तोंड झाकायला बरा पडतो."

हा किस्सा मी त्यांना विचारूनच लिहिलाय. नाव तेवढं घालू नका, म्हणाले.

* * *

डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं होतं. पहिले दोन आठवडे जड जातील. मळमळ होईल, जांभया येतील, धडधड आधी थोडी वाढेल सुद्धा. फार झालं तर फोन करायचा, पण आपल्या मनानं बंद करायची नाही.

हे सगळं मी जाधव सिस्टरना सांगितलं. चूक झाली! सिस्टरनी दुसऱ्या दिवशी मला समोर उभं केलं, पाण्याचा ग्लास दिला आणि गोळी गिळायला लावली.

"आता आ कर."

"सिस्टर, मी काय पेशंट हाय का?"

"मग कोण हायेस? जीभ वर कर. डावीकडं गालात दाखव."

टीबीच्या पेशंटला आम्ही असंच करतो. समोर गिळवायची, तोंड बघायचं, कार्डावर खूण करायची. कारण लोक गोळी गालात धरतात आणि आमची पाठ वळली की थुंकतात. अकरा वर्षांत ही एकेक युक्ती मीच सिस्टरना दाखवलेली.

"म्हणून तर!" सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या जिभेखाली मी बॅटरी लावून बघणार."

* * *

खुणा करायला सिस्टरनी कार्ड घेतलं ते टीबीचं. कोरं तेवढंच शिल्लक होतं. वर माझं नाव घातलं आणि सवयीनं बाकीच्या कार्डांसोबत खिळ्याला अडकवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी गावभर झालं, मंदाला टीबी झाला! लोक मला ओट्यावरूनच बोलायला लागले. एकीनं चहा दिला तो कागदी कपात. दुसरीनं लेकराला माझ्यासमोरून उचलून आत नेलं. आणि ह्याच बायांना मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आले होते की टीबीच्या माणसाला वाळीत टाकू नका. माझं डोकंच फिरलं.

शेजारणीच्या दारात उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मला टीबी न्हाई! माझी गोळी मनाची हाय. एन्झायटीची. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं दिलीय."

शेजारणीनं तोंडाला हात लावला. "अगं बाई! मग टीबीच बरा होता की!"

ही बातमी मात्र जिथं पोचायची तिथं बरोबर पोचली. आबासाहेब म्हणजे आमच्या गावचे मोठे बागायतदार आणि पुढारी. त्यांना पुतण्याच्या बायकोला आशा करायचं होतं आणि दोन वर्षं कारण सापडत नव्हतं. "डोकं फिरलेली आशा आपल्याला नको. ग्रामसभेत ठराव घेऊ," असं ते पारावर बोलले आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या घरी पोचलं.

* * *

घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. बाई तोंडाची फटकळ. लग्न होऊन आले तशी मला 'येडी' म्हणतात. भाजीत मीठ कमी पडलं तरी येडी, जास्त पडलं तरी येडी.

गोळ्यांचं पाकीट बघून म्हणाल्या, "गोळी गिळून मन शांत होतं व्हय? मन काय गुडघा हाय?"

"आत्याबाई, तुमच्या गुडघ्याला किती दिस झालं गोळी चालू हाय?"

"दोन वर्सं."

"थांबला का गुडघा?"

"कुटं थांबतोय मेला!"

"मग गुडघ्याला दोन वर्सं देता, माझ्या मनाला दोन महिने तरी द्या!"

आत्याबाईंनी गुडघा चोळला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "येडी हायेस."

पुढच्या पौर्णिमेला नारायणगडाला जाऊन आल्या. प्रसाद माझ्या हातावर ठेवला, पण गोळ्यांचा विषय काढला नाही.

* * *

नववा दिवस मात्र हसण्यासारखा नव्हता. अंगणवाडीत वजनं घेत होतो. एका बाळाला काट्यावर ठेवताना माझे हात इतके थरथरायला लागले, की बाळ मी शकीला आपाच्या हातात दिलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले. छाती फुटते की काय असं झालेलं. वाटलं, सगळे म्हणतात तेच खरं. आपण कामातून गेलो. मला फार भीती वाटली त्या दिवशी.

मागं सार्वजनिक विहीर आहे. काठावर बसले आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. आपा मागोमाग आली, शेजारी टेकली.

"काय करतीस?"

"टाकून देते विहिरीत. बास झालं."

मला वाटलं समजूत घालेल. आपा पाण्यात वाकून बघायला लागली.

"टाक की. मना कोण करतंय? पण ह्या विहिरीचं पाणी अख्खं गाव पितं बघ. उद्या समदं गाव थंड झालं, भांडणं मिटली, सासवा गोड बोलायला लागल्या, तर आपल्याला उपकेंद्रात येऊन सांगायला कोणाकडं काय उरेल?"

मी रडता रडता हसायला लागले. हसता हसता पाकीट पिशवीत गेलं. आपानं तिथूनच डॉक्टर मॅडमना फोन लावून माझ्या कानाला दिला. मॅडम म्हणाल्या, असं होतं, हे ओसरेल, परवा येऊन दाखवून जा. मी जाऊन आले.

* * *

जांभयांचं कुणी इतकं मनावर घेऊ नये, पण माझ्या जांभयांनी इतिहास घडवला! तालुक्याहून साहेब आले होते, महिन्याची मीटिंग. साहेबांचं भाषण म्हणजे दोन तासांची निश्चिंती. मी पहिल्या रांगेत. पाच मिनिटांत पहिली जांभई आली, मग दुसरी, मग त्या थांबेनातच. झोप नाही, कंटाळा नाही, नुसता जबडा आपोआप उघडतोय.

आणि जांभई म्हणजे लागणच की! शेजारणीला आली, तिच्या शेजारणीला आली, मागच्या रांगेत गेली. दहा मिनिटांत चाळीस आशा आ वासून बसलेल्या. साहेब बोलता बोलता थांबले. बोलायला परत तोंड उघडलं तर त्यांनाही जांभईच आली!

"काय चाललंय हे? माझं बोलणं इतकं कंटाळवाणं आहे?"

आपा उभी राहिली. "न्हाई सायेब, हिला औषध लागू पडायलंय."

साहेबांनी कागद मिटले. मीटिंग अर्ध्या तासात संपली. बाहेर पडताना पलीकडच्या गावच्या चौघी मला घेरून उभ्या. "मंदाताई, फुडच्या महिन्यात गोळी चालूच ठेव बरं का!"

* * *

टीबीचे माझे पेशंट म्हणजे विठ्ठलनाना. सत्तरीचे, हेकट. कार्डाचा गोंधळ त्यांच्याही कानावर गेलेला. तिसऱ्या आठवड्यात मी गोळ्या घेऊन गेले तर हात मागं.

"आदी तू घे. मंग मी घेतो."

"नाना, माझी वेगळी हाय."

"वेगळी हाय, पर सोडू वाटती का न्हाई?"

"रोज वाटती."

"मला बी रोज वाटती. कडू जहर हाय. आता आसं बघ, तू सोडलीस त्या दिशी मी सोडली. मंग बस माज्या मयताला!"

अशी धमकी मला जन्मात कुणी दिली नव्हती. तेव्हापासून मी माझी गोळी नानांच्या ओट्यावर घ्यायला लागले. आम्ही दोघं समोरासमोर बसून घोट घेतो आणि एकमेकांकडं वाकडं तोंड करतो. गावाला दिसतं. दिसू दे!

पाचव्या आठवड्यात एका सकाळी चूल पेटवताना लक्षात आलं, धडधड नाही. मी हात छातीवर ठेवून बघितलं. सगळं आपलं जागेवर चाललेलं.

* * *

सहाव्या आठवड्यात ग्रामसभा लागली. सकाळी नऊला शाळेच्या पटांगणात. विषय होता आशा बदलण्याचा.

आबासाहेब बोलायला उठले. "आमचं मंदाशी वैर न्हाई. पर डोस्क्याच्या गोळ्या खाणाऱ्या बाईच्या हातात गावानं लेकरं कशी द्यावी? उद्या ह्याची गोळी त्याला दिली मंग? आपुन कुणाला जबाबदार धरणार?"

माना हलल्या. मी उभी राहिले. रात्री पाठ केलेलं सगळं विसरले आणि तोंडाला आलं ते बोलले. "गोळी घेते. लपून घेत न्हाई. अजून बरेच महिने घेणार हाय. अकरा वर्सांत माझ्या हातनं एका बी लेकराचा डोस चुकला असंल, तर त्या आईनं आत्ता उभं राहावं."

कुणी उठलं नाही. पण कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. गुरुजी व्हरांड्यात होते, ते पायांकडं बघत राहिले. सरपंच म्हणाले, "मंग ठरावाला हात वर करा."

तेवढ्यात बायांच्या मागच्या रांगेत खळबळ झाली. आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठत होत्या. ही बाई आयुष्यात ग्रामसभेला आलेली नव्हती.

"आबा, तू माज्या मांडीवर खेळलेला हायेस, म्हून इचारती. माज्या सुनंला येडी कोण म्हणलं?"

"काकू, येडी आसं कुणी..."

"म्हनायचं बी न्हाई! तिला येडी म्हनायचा हक माजा हाय. सोळा वर्सं झाली, रोज म्हनती. तो हक मी कुणाला दिलेला न्हाई."

पटांगण हसायला लागलं. वर जाऊ पाहणारे दोन-चार हात खाली आले. सरपंचही तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "आजी, बसा आता."

"बसती. आदी पाणी आना कुणीतरी. ह्या सभेच्या घोरात तिची सकाळची गोळी राहिलीय."

कुणी हलेना. आत्याबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट आबासाहेबांवर आणून थांबवलं.

"ऊठ. तुझ्यापायी राहिलीय, तूच आन."

आबासाहेबांनी सरपंचांकडं बघितलं. सरपंच वर झाडाकडं बघायला लागले. मग आबासाहेब उठले, कडक इस्त्रीचं धोतर सावरलं आणि अख्ख्या गावासमोर शाळेच्या माठाकडं चालत गेले.