मामांनी न पाहिलेला हत्ती

शहरातून जुन्या देवळांच्या गावाला जाणारी सहलीची बस मामा कित्येक वर्षं चालवत होते, पण तिथलं मोठं देऊळ त्यांनी आतून कधी पाहिलंच नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, हा मालकाचा नियम. वेशीपाशी गल्लीही अशी अरुंद, की समोरून दुसरी बस आली की आपली मागे घ्यावीच लागायची.

मग मामांनी बाहेर बसूनच देऊळ बघायला सुरुवात केली. परत आलेले प्रवासी मान चोळत असत. म्हणजे छत चांगलं उंच असणार. जो तो हत्तीबद्दल बोले. म्हणजे तो वर, छताच्या मधोमध कोरलेला असणार. घरी जाऊन हे सगळं ते मामींना डोळ्यांनी पाहिल्यासारखं रंगवून सांगत. त्यांना थापाड्या म्हणायला माझी जीभ धजत नाही. माणसाला उत्सुकता दांडगी आणि नियम आडवा, दुसरं काय! पण एकदा सांगितलेला हत्ती मागे घेता येईना. उलट दर खेपेला तो थोडा वाढायचा.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीला बस अर्धी रिकामी होती. मालक म्हणाले, "मामा, मामींनाही न्या की!" मामींनी आजवर त्यांच्या एकाही शब्दावर शंका घेतली नव्हती. आता सगळं पितळ उघडं पडणार होतं.

वेशीपाशी त्यांनी नियम पुढे केला. "अगं, तू ये जाऊन. मला गाडी सोडता येत नाही."

मागे उभ्या असलेल्या बसचा ड्रायव्हर ओरडला, "चावी द्या इकडे, मी बघतो गाडी. आज तरी आत जा, मामा!"

'आज तरी' ऐकून मामांना त्याचा गळा धरावासा वाटला.

बूट काढून आत शिरताना त्यांचं कपाळ चौकटीवर आपटलं. दार जेमतेम छातीएवढं, आतलं छतही डोक्याला लागेल असं. प्रवाशांच्या माना वाकून वाकून दुखत होत्या तर! आणि हत्ती? भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत, वीतभर. लोक उकिडवे बसून तो बघत होते. मामांना लाजेनं बायकोकडे बघवेना.

मामींनी मात्र हत्तीसमोर फतकल मारली. "बसा ना."

"अगं, मी इथे कधी..."

"माहीत आहे मला. देवळात कोणी बूट घालून जातं का? तुमचे मोजे कोण धुतं? दगडावर फिरलेला मोजा एकदाही घरी आला नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही सांगायचं बंद केलं असतं."

ते तिच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदाच निवांत हत्ती बघू लागले. त्याचा एक कान फुटला होता, सोंड मात्र ऐटीत वर होती.

मामींनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण आपला मोठा होता."