टाचेपाशी कापलेला बूट

घुग्घुसला आमच्या सिमेंट कॉलनीच्या क्लबात गुळगुळीत फरशीचा एक हॉल होता. ऐंशीच्या दशकात तिथे आम्हा पोरींना चाकांचं स्केटिंग शिकवायचे. बाकीच्यांना पट्ट्याने बांधायचे लोखंडी स्केट. चामड्याच्या बुटाला चाकं बसवलेली जोडी मात्र एकच. ज्या पोरीचा पाय त्यात बसेल तीच नागपूरच्या निवड स्पर्धेला जाईल, असं सरांनी सांगून टाकलेलं. सगळ्यात जोरात पळायचे मी, पण बूट मला एका नंबरने लहान. म्हणून काय मी सोडणार होते? बोटं दुमडली, नाड्या आवळल्या आणि घातला पाय.

तीन महिन्यांत डाव्या टाचेमागे, जिथे बुटाची कड घासायची तिथे, बोराएवढा टणक गोळा आला. अंगठ्याचं नख काळं पडलं. घरी मी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बूट दुसरीला गेले असते.

स्पर्धेच्या चार दिवस आधी सिंदेवाहीहून मावशी आली. उभा जन्म धानाच्या बांधीत, चिखलात अनवाणी रोपांची रोवणी केलेली बाई. पायाचं आपल्याला सगळं कळतं, असं तिचं ठाम मत. माझी टाच मांडीवर घेऊन म्हणाली, "हे तं कुरूप होय. काऊन सांगतलं नाई?" आमच्याकडे कुरुपावर बिबाच. तिने बिब्यात सुई खुपसून तो दिव्यावर धरला आणि सुटलेलं तेल गोळ्यावर लावलं. मी दात आवळून बसले. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं.

कुरूप नव्हतंच ते. घासून घासून हाडावर आलेला गोळा, बिब्याने काय जाणार? सकाळपर्यंत बिबा उतला, टाच सुजली, फोड आले. बुटात पाय जाईना. सर म्हणाले, "परवापर्यंत उतरलं तर बघू, नाहीतर दुसरीला नेतो." घरी येऊन मी मावशीवर अशी भडकले की आईला मधे पडावं लागलं. "तू आलीच कशाला?" असंसुद्धा म्हणाले.

मावशी उठली. डावा बूट पिशवीत टाकून बाजारातल्या मोच्याकडे गेली. परत आली तेव्हा बूट मागून, टाचेपाशी अर्धगोल कापलेला होता, कड नीट शिवलेली. बूट क्लबचे होते.

"बूट कापता येते," ती म्हणाली, "पाय नाई कापता येत. घाल."

पाय गेला.

नागपूरला नाड्या बांधताना सरांनी ते पाहिलं. "कोणी केलं हे?" "मावशीने." त्यांचा चेहरा लालबुंद झाला, पण शर्यतीची शिट्टी वाजायला आली होती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी पायाचा विचार न करता पळाले. दुसरी आले. निवड झाली.

बसमध्ये सरांनी बूट मागून घेतले. वाटलं, आता हे काही परत मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लबात त्यांनी ते माझ्यासमोर ठेवले. उजवाही टाचेपाशी कापलेला होता, त्याच मोच्याच्या टाक्याने शिवलेला. तसाच उचलून मी मावशीला दाखवायला घरी पळाले.

आई म्हणाली, रोवणी खोळंबली म्हणून ती सकाळच्या एसटीने गेली. इतक्या दिवसांत मी तिची माफी मागितलीच नव्हती; "तू आलीच कशाला?" हे माझं बोलणं घेऊनच ती गेली. बूट छातीशी धरून मी दारातच रडत बसले.